फिनलंडला रस्ता ओलांडून दिला त्याची गोष्ट

इटलीत शिकायला जायचं पक्कं झालं आणि घरच्यांनी मला तीन महिने युरोपची शिस्त शिकवली. रस्त्यात मोठ्यानं बोलायचं नाही. कुणाच्या वाहनासमोर जायचं नाही. कुठंही जायचं तर पाच मिनिटं आधी. या शेवटच्या कलमावर वडिलांचा फार भर, कारण आपला मुलगा औरंगाबादेत शहागंजच्या घड्याळाखाली वाढलाय हे त्यांना ठाऊक होतं आणि ते घड्याळ माझ्या अख्ख्या लहानपणी बंद होतं. (पुढे त्याची डागडुजी झाली, चालूही झालं. पण तोवर माझ्यावरचे संस्कार पक्के झाले होते.)

आजोबांची इटली निराळी. सावरकरांनी मॅझिनीचं चरित्र मराठीत आणलं, त्यानंतर त्या देशात काही घडलं असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. निघताना म्हणाले, "गॅरिबाल्डी भेटला तर आपला नमस्कार सांग."

आणि भेटला की! २०१८ च्या सप्टेंबरातली सकाळ. नेपल्सच्या विमानतळावरून निघालेल्या बसनं मला मुख्य स्टेशनासमोर उतरवलं. चौकाचं नाव पियाझ्झा गारिबाल्डी, आणि पुतळ्याच्या रूपात स्वतः मालक हजर. मी आजोबांचा नमस्कार पोचवला आणि आजूबाजूला पाहिलं. फुटपाथवर चादरी अंथरून मोज्यांचे जोड, पट्टे, मोबाइलची कव्हरं. स्कूटर माणसांमधून, माणसं स्कूटरींमधून. दोन गृहस्थ एकमेकांच्या नाकासमोर हात नाचवत ओरडत होते. भांडण असेल म्हणून मी थांबलो, तर दोघं मिठी मारून आपापल्या वाटेनं गेले. मला क्षणभर शंका आली, विमान वरच्यावर घिरट्या घालून परत तर नाही ना आलं? शहागंजातल्या गांधी पुतळ्याच्या जागी गॅरिबाल्डी, एवढाच काय तो फरक. तीन महिन्यांची शिस्त बॅगेतल्या लोणच्याच्या बरणीशेजारी तशीच बांधलेली राहिली.

झेब्रा क्रॉसिंगपाशी एक उंच, पांढुरका मुलगा दोन बॅगा घेऊन उभा होता. फिनलंडचा. आमच्याच विद्यापीठात निघालेला, आणि राहायचा पत्ताही तोच. वीस मिनिटांपासून उभा आहे म्हणाला. गाड्या थांबायची वाट बघत होता बिचारा. मी विचारलं, "तुमच्याकडे थांबतात?" तो म्हणाला, "हो, मग?" त्या 'मग'मध्ये एका संपूर्ण संस्कृतीचा आक्रोश होता.

मी त्याला शहागंजचं शास्त्र सांगितलं. नजर गाडीवाल्याच्या नजरेत. हात किंचित पुढे. अडवायला नव्हे, आपण आहोत एवढं कळवायला. पाऊल एकदा टाकलं की मागे घ्यायचं नाही, आणि पळायचं तर मुळीच नाही. स्कूटरवाल्यानं आपल्या चालीचा हिशेब करून वाट ठरवलेली असते. आपण पळालो की त्याचा हिशेब चुकतो आणि आपली हाडं मोडतात. फिनलंडनं डोळे मिटले. मी दंड धरला. पलीकडे पोचल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की आयुष्यात प्रथमच मला आपल्या गल्लीबद्दल अभिमान वाटला.

घरमालकीणबाई चौथ्या मजल्यावर. आम्ही खालून हाक मारली, तर वरून दोरीला बांधलेली टोपली सरसरत खाली आली. तिच्यात किल्ली. या टोपलीला तिथं पनारो म्हणतात. पाव, भाजी, वर्तमानपत्र सगळं याच लिफ्टनं जातं. फिनलंडनं फोटो काढला. मी कशाला काढू? आमच्या गल्लीतल्या काकू भाजीवाल्यासाठी अशीच पिशवी सोडायच्या आणि वरूनच कोथिंबिरीच्या जुडीवर वाद घालायच्या.

मग सरकारी काम. पोचल्यापासून कामाच्या आठ दिवसांत पोस्टात जाऊन राहण्याच्या परवान्याचा अर्ज द्यायचा, आणि त्यावर सोळा युरोचा स्टॅम्प. स्टॅम्प कुठं मिळतो, तर तंबाखूच्या दुकानात! मोठा 'टी' लिहिलेली पाटी, आत सिगारेट, बसची तिकिटं, लॉटरी आणि सरकारी तिकीट. पूर्वी मिठावरही सरकारचीच मक्तेदारी होती, म्हणून जुन्या पाट्यांवर अजून 'मीठ आणि तंबाखू' असं लिहिलेलं दिसतं. पानपट्टीवर चुना मागता मागता स्टॅम्पपेपरही मिळाला असता, तर आपल्या कलेक्टर कचेरीबाहेरची निम्मी गर्दी कमी झाली असती. पण आम्ही गेलो तेव्हा दीड वाजला होता आणि शटर खाली. दुपारी बंद, चारनंतर या. पुण्याला दोन वर्षं काढलेली असल्यानं मला यात नवं काही वाटलं नाही.

तीन वाजता विद्यापीठात पहिला तास. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं १२२४ साली काढलेलं हे विद्यापीठ. तेव्हा आमच्या शेजारी देवगिरीवर सिंघण यादव राज्य करत होता, ज्ञानेश्वरांच्या जन्माला अजून पन्नासेक वर्षं होती, आणि मलिक अंबरनं आमची खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवायला तर जवळजवळ चारशे. इतक्या जुन्या ठिकाणी उशीर नको म्हणून मी वडिलांना स्मरून तीनला पाच कमी असताना पोचलो. वर्गात मी, फिनलंड आणि रिकामे बाक.

तीन वाजले. कुणी नाही. तीन दहा. फिनलंडचा चेहरा पुन्हा झेब्रा क्रॉसिंगवर गेला. तीन पंधराला दार उघडलं, पोरं आत आली, त्यांच्यामागून प्राध्यापक. एका मुलीनं समजावलं: इथं वेळापत्रकातल्या तासात पाव तास धरलेलाच असतो, तीन म्हणजे सव्वातीन, जुनी रीत आहे.

रात्री वडिलांचा फोन. "वेळेवर गेला होतास?"

"वीस मिनिटं आधी, बाबा."

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग आईला म्हणताना ऐकू आलं, "बघ, सुधारला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारावर टकटक. फिनलंड उभा होता, हातात रिकामी पिशवी. त्याला समोरच्या फुटपाथवरून दूध आणायचं होतं.