हिरकणीच्या वाडीत आडोसा

वयनी, या की जरा भिंतीपाशी. ही आमसुलं घ्या, माणगावातून आणली. आमटीत टाका, चिंचेपेक्षा बरी लागतात.

ट्रिप कशी झाली म्हन्ता? रायगड झाला, पाचाडला जिजाऊंच्या समाधीला नारळ फोडला. आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाची लेक कुठं जाऊन विसावली, बघून गलबललं. पण तुम्हाला सांगायचंय ते सुनेचं. लेकरू अजून सहा महिन्यांचंसुद्धा नाही. आशाताईनं बजावलेलं, सहा महिने होईस्तोवर अंगावरचंच दूध, वर पाण्याचा थेंब नको. मग ते दर दोन तासाला मागणारच ना? त्याला काय माहीत पुढं ताम्हिणी घाट हाये का पंगत बसलीय.

पहिली कटकट पुण्याच्या अलीकडं एका हॉटेलात. पोरीनं भिंतीकडं तोंड केलं, ओढणी घेतली, लेकराला छातीशी धरलं. तर गल्ल्यावरचा माणूस येऊन म्हनतो, ताई, मागं जागा हाये. मागं म्हंजी कुठं, तर हात धुवायच्या बेसिनापाशी, संडासाच्या दाराला लागून. मी म्हनलं, दादा, तू तुझं ताट घेऊन तिथं बसतो का जेवायला? गेला गुपचूप. आमची नणंद मात्र तिलाच बोलती, बाटली आणली असती तर हे झालं नसतं. आता बाटली उकळायची कुठं, जीपमधी?

आन् ओढणीचं सांगू का. उन्हाचे दिवस, लेकरू घामाघूम, ते लाथ मारून ओढणी फेकतंय आन् ही पुन्हा ओढतीय. अर्धा वेळ दूध पाजण्यात, अर्धा झाकण्यात. आमच्या सासूबाईपण पदर घ्यायच्या, नाही असं नाही. पण का, तर दृष्ट लागू नये म्हणून. लेकरू कसं गटागटा पितंय ते परक्यानं बघू नये, एवढंच. कापूस वेचताना बांधावर बसून पाजायच्या, पलीकडून गडी माणसं जायची, त्यांच्याशी बोलायच्यासुद्धा. लाजेचा विषयच नव्हता. ही लाज कवा आली आन् कुणी आणली, मला तर कळंना.

आता गंमत ऐका. रायगडला रोपवेनं गेलो, माझ्या गुडघ्यांमुळं. रोपवेचं खालचं ठेसन कुठं हाये माहितीये? हिरकणीवाडीत! तीच ती, कोजागिरीच्या रात्री गडाचे दरवाजे बंद झाले आन् घरी तान्हं उपाशी, म्हणून कडा उतरून गेली ती गवळण. महाराजांनी साडीचोळी दिली आन् त्या कड्यावर बुरूज बांधला, अशी गोष्ट सांगतात. तर त्या वाडीत, रांगेत, आमचं लेकरू रडायला लागलं. सून पायरीवर बसली. मागचा एक टोपीवाला गृहस्थ बायकोला मोठ्यानं म्हनतो, लोकांना जागेचं भानच राहिलं नाही. आन् वर गेल्यावर तोच बाबा गाईडला विचारतोय, हिरकणी बुरूज कुठाय, फोटो काढायचाय! मी हसले ते त्याला दिसावं म्हणूनच हसले.

आपलं गाव आठवा ना. 2023 ला मराठा आरक्षणाच्या उपोषणाचा मांडव पडला, तवापासून बाया तिथं दिवस दिवस बसल्या का नाही? 14 ऑक्टोबरच्या सभेला तर पाय ठेवायला जागा नव्हती. कडेवर लेकरं घेऊन आलेल्या, भूक लागली तिथंच पाजलं. दोघीजणी पाठ करून बसल्या की झाला आडोसा. कुणाच्या कपाळाला आठी पडलेली मला तरी दिसली नाही.

येताना जीप बिघडली, अर्धा रस्ता एसटीनं आलो. स्टँडवर लेकराला पाजायला हिरकणी कक्ष असतोय, तुम्ही बघितलाच असंल. कोणत्या गावचा ते सांगत नाही, उगं कुणाचं नाव नको. पाटी झकास, दाराला कुलूप. चावी मागितली तर म्हनतात, बाया येतच नाहीत वापरायला. आता कुलूप बघून कोण येईल? शेवटी उघडलं, तर आत झाडू, तुटकी खुर्ची आन् जुने बोर्ड.

आपलं सोडा, आमदारबाईचं काय झालं? देवळालीच्या सरोज अहिरे. 2022 च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाला अडीच महिन्यांचं बाळ घेऊन गेल्या, पेपरात फोटो आलते. पुढच्या वर्षी मुंबईला विधानभवनात गेल्या तर तिथला हिरकणी कक्ष धुळीनं भरलेला. आमदाराच्या लेकराची ही गत, तर स्टँडवरच्या बाईला कोण विचारतंय?

सुप्रीम कोर्टानंपण सांगितलंय म्हणे. आमची धाकटी कायदा शिकतीय, तिनं जीपमधी सगळ्यांना ऐकवलं. 2025 च्या फेब्रुवारीत. सार्वजनिक ठिकाणी पाजायला खोल्या करा, आन् चारचौघात पाजणाऱ्या आईला नावं ठेवू नका. बाईचा मान जाईल असल्या रिती सोडणं हे नागरिकाचं कर्तव्यच हाये, घटनेत लिहिलेलं. नणंद म्हनली, खोल्या झाल्या की मिटलं. कसं मिटलं? उद्या खोली झाली की बाहेर बसलेलीला म्हनतील, खोली असताना इथं कामून? खोली पाहिजे, ज्या पोरीला चारचौघात संकोच वाटतो तिला तर पाहिजेच. पण आत न बसणारीला हाकलायला नको.

अगं बाई, तुमची लेक सुट्टीत तुळजापूरला चाललीय ना तान्ह्याला घेऊन? तिला सांगा, जीप ठरवली की ड्रायव्हरच्या बरोब्बर पाठीमागं बसायचं. मधी बसली की आतल्या आरशात सगळं दिसतं. आमच्या सुनेनं सांगितलं तवा मला कळलं, पोरगी तासभर का अवघडून बसली होती ते. मी उठून तो आरसा वर छताकडं फिरवला. ड्रायव्हर म्हनतो, मावशी, मागचं दिसत नाही. म्हनलं, मागचं बघायला बाहेर दोन आरसे दिलेत कंपनीनं.