तुम्ही काय बाई, दादरलाच राहता!

मुंबईत माणसाने कुठे राहावं याबद्दल मतभेद आहेत, पण कुठे उतरावं याबद्दल नाहीत. दादरला. पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वेंच्या फास्ट गाड्या इथे थांबतात. त्यामुळे विरारच्या मुलीला डोंबिवलीचं स्थळ बघायचं असलं तरी गाडी बदलायला दादर. गाडी बदलायचीच आहे तर बाहेर पडून एक गजरा घेऊ, बाहेर पडलोच आहोत तर परकराचं कापड बघू, आणि एवढं फिरलोच आहोत तर साबुदाणावडा खाल्ल्याशिवाय कसं जायचं? अशी अख्खी मुंबई रोज आमच्या दारात येते. कायमचे दादरकर या गर्दीत अल्पसंख्य. संध्याकाळी सातला रानडे रोडवर उभं राहून "अहो दादरकर!" अशी हाक मारली, तर वळून बघणाऱ्यांत दादरचा एकही निघायचा नाही. दादरचा माणूस त्या वेळी शहाण्यासारखा घरात बसलेला असतो.

लग्न होऊन मी चिपळूणहून इथे आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "आपल्याकडे कुणी येत नाही हो. सगळे दादरला येतात आणि मग वर येतात." या वाक्याचा अर्थ नीट कळायला मला एक गणपती, एक दिवाळी आणि नणंदेच्या जावेच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता एवढा काळ लागला.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तरीही लोक चढून येतात, दारातच चपला अर्ध्या काढतात आणि म्हणतात, "बसत नाही गं, नुसत्या पिशव्या ठेवते." पिशव्या राहतात, माणूस परत खाली जातो. गणपतीच्या आधीच्या रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत कुणाचं पुठ्ठ्याचं मखर, कुणाची समई, कुणाचे मोदकाचे साचे आणि कुणाची तरी कंटाळलेली आई असा सगळा ऐवज असतो. आई सोडून बाकीचं रात्रीपर्यंत जातं. आईला जेवून जायचा आग्रह आम्ही करतो, आणि दादरला आग्रह मोडत नाहीत. शिवाजी मंदिरला दुपारचं नाटक असलं की मध्यंतरानंतर न आवडलेले प्रेक्षक थेट आमच्याकडे चहाला येतात. त्यामुळे एखादं नवीन नाटक चालणार की पडणार, हे निर्मात्याच्या आधी आमच्या दूधवाल्याला कळतं. अंगारकीचा प्रकार त्याहून वरचा. सिद्धिविनायकाच्या रांगेला मध्यरात्री लागायचं म्हणून मामेसासरे आदल्या रात्री येतात, दीडचा गजर लावतात, तो अख्ख्या घराला ऐकू जातो आणि ते सोडून सगळे उठतात.

हे झालं येणाऱ्यांचं. न येणाऱ्यांचे फोन असतात. "तुम्ही काय बाई, दादरलाच राहता!" या वाक्याने सुरू होणारा फोन आला की मी पेन शोधते. पुढे यादी असते. मागच्या श्रावणात नणंदेने व्हॉट्सॲपवर साडीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं: "हा रंग. फॉल, अस्तर, ब्लाउजपीस. टू बाय टू रुबियाच घे." माझ्या मोबाइलवर साडी मोरपिशी दिसत होती, नवऱ्याच्या मोबाइलवर बाटलीसारखी हिरवी. नणंदेला विचारलं तर म्हणाली, "अगं, रामा कलर."

मॅचिंगच्या दुकानातला माणूस हा दादरमधला सर्वांत थोर माणूस, असं माझं मत आहे. त्याच्या पाठीमागे छतापर्यंत रंगांच्या घड्या लावलेल्या असतात आणि त्याला त्यातल्या एकेकीची वंशावळ पाठ असते. त्याने माझ्या मोबाइलकडे बघितलंही नाही. "ताई, फोटोवर मॅचिंग होत नाही. साडी आणा." साडी कल्याणला आहे म्हटल्यावर त्याने एक सुस्कारा टाकला, मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि मागे न बघता हात वर करून चार घड्या ओढल्या. काउंटरवर चारही सारख्याच दिसत होत्या. "उजेडात बघा," म्हणून त्याने मला कापडांसकट दुकानाच्या पायरीवर ढकललं. आता मॅचिंगची घडी घेऊन दादरच्या फुटपाथवर उभ्या राहिलेल्या बाईला सल्ला देणं हे इथून जाणाऱ्या प्रत्येक बाईचं कर्तव्य असतं. एकजण थांबून म्हणाली, "हा नको, पिवळट मारतोय." दुसरीने पिशवी खाली ठेवली, कापड चुरगळून बघितलं आणि एक शेड गडद घ्यायला लावला, कारण धुतल्यावर उतरतो. तिसरीने फोटो बघून थेट साडीच आवडली नसल्याचं सांगितलं. अखेर बहुमताने रंग ठरला. घरी येऊन मी नणंदेला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "छानच आहे गं. पण असा इथे आमच्या खालीही मिळतो."

पत्ता सांगणं हे आमचं दुसरं सामाजिक काम. इथे असलेल्या गोष्टींपेक्षा नसलेल्या गोष्टी पत्त्याला जास्त उपयोगी पडतात. पूर्वेला दादर टीटी आहे. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून निघून दादरला आली, त्यानंतर ट्राम नाही. पण टॅक्सीवाल्याला आजही "टीटीला सोडा" म्हटलं की तो बरोबर सोडतो. कबुतरांना दाणे टाकायला २०२५मध्ये बंदी आली, तरी "कबुतरखान्याला वळा" यात काही फरक पडलेला नाही. स्टेशनबाहेरच्या उड्डाणपुलाला मात्र केशवसुतांचं नाव आहे आणि ते कुणीही घेत नाही. सगळे त्याला "पुलाखाली" एवढंच म्हणतात. 'तुतारी' लिहिणाऱ्या कवीच्या पुलाखाली दिवसभर इतके हॉर्न वाजतात की नाव ठेवणाऱ्याने फार लांबचा विचार केला असावा.

त्यात २०२३च्या डिसेंबरात रेल्वेने दादरचे प्लॅटफॉर्म नव्याने मोजले. तोवर इथे दोन एक नंबर होते, एक पश्चिमेचा, एक मध्यचा, आणि निम्म्या मुंबईची प्रेमप्रकरणं "मी एक नंबरवर उभा होतो" या वाक्यावर मोडली होती. आता पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्यचे आठपासून चौदापर्यंत झाले. सोपं झालं, असं तुम्हाला वाटेल. माझ्या नवऱ्याला भेटा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याने हे खातं स्वतःकडे घेतलंय. "आठ म्हणजे जुना एक. जुना दोन रुंदीकरणात गेला. म्हणून जुना तीन हा नऊ झाला, दहा नव्हे," असं तो फोनवर समजावतो तेव्हा पलीकडचा माणूस कोपर खैरण्याहून निघालेला असून मुकाट्याने टॅक्सी करायचं ठरवतो.

पावसाळ्यात फोनचा विषय बदलतो. हिंदमाताला पाणी भरलं की टीव्हीवर गुडघाभर पाण्यात उभा असलेला वार्ताहर दिसतो आणि खाली 'दादर' अशी अक्षरं. लगेच नाशिकची आत्या विचारते, "घरात पाणी शिरलं का गं?" हिंदमाता रुळांच्या पलीकडे पूर्वेला, आम्ही पश्चिमेला, त्यातून दुसऱ्या मजल्यावर. पण आत्याच्या आवाजात एवढी काळजी असते की "नाही" म्हणायला जीव होत नाही. "जिन्यापर्यंत आलंय," असं नवरा सांगतो. मध्यंतरी पालिकेने पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली मोठाल्या टाक्या बांधल्या. पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं आणि आत्याचा फोनही लवकर संपतो.

शिवाजी पार्काबद्दल मी बोलू नये, असं नवऱ्याचं म्हणणं आहे, कारण मला त्यातलं कळत नाही. हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं, दोन वर्षं माहीम पार्क म्हणून नांदलं आणि १९२७मध्ये त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं, एवढं मला त्याच्याकडूनच रोज ऐकून पाठ आहे. मला कळतं ते एवढंच की उन्हाळ्यात वारा सुटला की पार्काची लाल माती बाजूच्या घरांत जाते. माझी मैत्रीण पार्कासमोर राहते. ती दिवसातून दोनदा टीव्ही पुसते आणि तरी हवेशीर घर मिळालं म्हणून सांगते. २०१०मध्ये उच्च न्यायालयाने तिथे शांतता क्षेत्र जाहीर केलं. तेव्हापासून कट्ट्यावरचे आजोबा एकमेकांना "शांतता क्षेत्र आहे!" असं ओरडून सांगतात. कट्ट्यावर कोण कुठे बसणार हे ठरलेलं असतं. भारतीय संघ निवडण्याचं काम संध्याकाळी सहा ते साडेसात चालतं, आणि निवड समितीने ऐकलं नाही तर तो तिचा दोष.

डिसेंबरच्या ६ तारखेला मात्र आमचे नातेवाईक फिरकत नाहीत. "त्या दिवशी फार गर्दी असते बाई," म्हणतात. जशी काही इतर दिवशी ते ओस पडलेल्या दादरला येतात! चैत्यभूमीला बाबासाहेबांना अभिवादन करायला राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात, आदल्या रात्री पार्कात मुक्काम करतात. तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात, एकाला लागून एक, आणि त्यांच्यापुढे झुंबड असते. वर्षभर पैठण्या, समया आणि फरसाण यांच्या पिशव्या बघणाऱ्या माझ्यासारखीला परतीच्या माणसांच्या खांद्यावरच्या पिशव्यांत पुस्तकांचे कोपरे दिसतात. मीही दरवर्षी जाते. मागे एका आजींना स्टेशनचा रस्ता दाखवता दाखवता त्यांच्या हातातल्या चरित्राची किंमत विचारली, तर त्यांनी मलाच परत उलटं फिरवून स्टॉलपर्यंत नेलं आणि घासाघीस करून दिली. पत्ता सांगणारीला पत्ता सांगणारं माणूस दादरमध्ये तेवढं एकच भेटलं.

आणि माझं स्वतःचं, कुणासाठी नव्हे असं दादर आहे ते पहाटेचं. पाचला उठून मी पुलापलीकडच्या फुलबाजारात जाते. घरी देवाला चार फुलं लागतात, ती इमारतीच्या खालीही मिळतात, तरी जाते. जमीन ओली, पायाखाली देठं आणि चुरगळलेली पानं, डोक्यावर झेंडूच्या गोणी घेतलेले हमाल "बाजू, बाजू" करत अंगावर येतात. नाशिक-पुण्याकडचा माल उतरत असतो. वसई-विरारकडची मंडळी पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन आलेली असतात. मोगरा ओल्या फडक्याखाली, चाफा केळीच्या पानावर. भाव दर दहा पावलांवर बदलतो आणि सूर्याबरोबर उतरतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र झेंडू सोन्याच्या भावाने जातो आणि दसऱ्याच्या दुपारी त्याच झेंडूचे ढीग रस्त्यावर पडलेले असतात, त्यावरून टॅक्स्या जातात. अर्थशास्त्र शिकायचं असेल त्याने कॉलेजात न जाता इथे दोन दिवस यावं.

मी नेहमी जिच्याकडून घेते ती वसईकडची बाई मला एकदा म्हणाली, "ताई, तुम्ही रोज लांबून येता. परतीची गाडी कितीची?"

"लांबून कुठे? मी इथेच राहते. दादरला."

तिने शेवंती मोजता मोजता हात थांबवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "इथे माणसं राहतात होय?"

वर्षानुवर्षं पहाटे येते ती. तिने इथे दुकानं, फुलं, हमाल, पोलीस, गाड्या सगळं पाहिलं होतं, पण गॅलरीत टॉवेल वाळत घालणारं कुणी पाहिलं नव्हतं. मी बोट करून तिला आमच्या बाजूच्या इमारती दाखवल्या. तिने मान हलवली, दोन फुलं जास्तीची टाकली. दया आली असावी.

गेल्या महिन्यात मुलाने घोडबंदर रोडला एक फ्लॅट दाखवायला नेलं. एकोणिसावा मजला, दोन लिफ्ट, खाली तरणतलाव, आणि इतकी शांतता की नवऱ्याला आपलं ऐकू येणं कमी झालं की काय अशी शंका आली. दाखवणारी मुलगी गोड होती. "काकू, इथून व्ह्यू बघा." मी बघितलं. मग तिला विचारलं, साडीला पिको कुठे करून मिळेल? ती म्हणाली, ॲपवर मागवायचं, घरी येऊन घेऊन जातात. दुर्वा? ॲपवर. मुंडावळ्या? तिने मोबाइल काढून बघितलं आणि म्हणाली, दादरहून येतात, दोन दिवसांत.

"बघ!" मी मुलाला म्हटलं. तो काही बोलला नाही, पण येताना गाडीत त्याने नवऱ्याला कर्जाचा हप्ता समजावला आणि नवऱ्याने त्याला जुना तीन म्हणजे नवा नऊ कसा, ते समजावलं.

ही बातमी मी काही कुणाला सांगितली नव्हती, पण कल्याणला रात्रीपर्यंत पोचली. नणंदेचा फोन आला. मला वाटलं, आता म्हणेल, वहिनी, आमचं माहेरचं घर, सासूबाईंची आठवण, असं कसं सोडता? ती म्हणाली, "जा की. मोठी जागा हवीच आता तुम्हाला. फक्त दादरची एक किल्ली माझ्याकडे देऊन जा. पिशव्या ठेवायला."