कमानीचा अग्रक्रम

येत्या सहामाहीचे अग्रक्रम निश्चित करण्याकरिता आमच्या गावच्या नगरपरिषदेने भरविलेल्या खास सभेस प्रेक्षक म्हणून हजर राहण्याचा योग नुकताच आला. नगरपरिषदांच्या 1965 सालच्या अधिनियमातील 49 व्या कलमाने दिवाबत्ती, झाडलोट, गटारे व पाणीपुरवठा ही कर्तव्ये बंधनकारक, तर उद्याने, ग्रंथालये वगैरे स्वेच्छाधीन ठरवून अग्रक्रमाचा निवाडा केव्हाच करून ठेवला असताना सभेस करण्याजोगे काय उरले असावे, अशी माझी भाबडी शंका होती. परंतु ज्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येते त्या गावाच्या वेशीवर पाहुण्यांच्या स्वागतास एक कमानही नसावी, या लाजिरवाण्या वस्तुस्थितीकडे एका ज्येष्ठ सभासदांनी सद्गदित कंठाने लक्ष वेधताच ती तत्काळ फिटली. जलवाहिनी जमिनीखाली जाते. तिच्यावर नाव कोरण्याची सोय नाही. (कोरले तरी वाचणार कोण? फुटेल तेव्हा प्लंबर.) कमानीचा ठराव एकमताने मंजूर झाला, पाण्याचा विषय उपसमितीच्या हवाली करण्यात आला, आणि कमानीच्या बांधकामावर तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्यासाठी टँकरची तजवीज मात्र त्याच बैठकीत, बिनतक्रार, झाली.