पावलेकाका

अंतरपाट धरलेला, भटजींनी शेवटच्या ‘सावधान’साठी श्वास घेतलेला, सगळ्या हॉलच्या मुठीत अक्षता, आणि मागच्या भिंतीलगत एक गृहस्थ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालताहेत. वधूच्या मामांना वाटलं केटररचा माणूस. ‘मठ्ठा अजून का आला नाही?’ म्हणून त्यांनी झापलं. गृहस्थ थांबले नाहीत. चालता चालताच म्हणाले, ‘येईल. पण मीठ बेताचं असू दे. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत.’ मग सप्तपदीच्या वेळी त्यांनी नवरदेवाजवळ जाऊन हळूच विचारलं, ‘मोबाइल खिशात आहे ना? सात तर सात.’

असा एक प्रत्येक सोसायटीत असतो, त्यामुळे फार ओळख करून द्यायचं कारण नाही. डोंबिवली पश्चिमेच्या एका सोसायटीतल्या ह्या नमुन्याला पोरांनी ‘पावलेकाका’ नाव ठेवलं आणि ते इतकं रुळलं, की एकदा एक कुरियरवाला जिन्याखालच्या पाटीवर ‘पावले’ शोधत कितीतरी वेळ उभा होता. काकांची उभी नोकरी वीज मंडळात मीटर तपासण्यात गेली. निवृत्त झाले त्या दिवशी शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि मुलाने डाव्या मनगटाला तो काळा पट्टा बांधला. तेव्हापासून रोज दहा हजार पावलं. नऊ हजार नऊशे नव्वदवर माणसाला झोप लागूच शकत नाही, असं त्यांचं मत आहे. काकूंना त्याचा अनुभव आहे.

खालच्या बिऱ्हाडालाही आहे. रात्री पावणेबाराला डोक्यावर सपाता वाजायला लागल्या, की तिथली शाळकरी मुलगी वहीतून मान वर न करता सांगते, ‘आई, काकांचे अजून चारशे राहिलेत.’

काकांच्या जगात पावलं दोन प्रकारची: हिशेबात धरायची आणि न धरायची. रिक्षाने स्टेशनला जाताना खड्ड्यांमुळे हात असा हिंदकळतो, की पट्टा बसल्या जागी शे-दीडशे पावलं बहाल करतो. दुसरा एखादा गप्प बसला असता. काका उतरल्याबरोबर ती वहीत मांडून वजा करतात. पावसाळ्यात ही वजाबाकी फुगते. खोबरं किसतानाही पट्टा पावलं देतो हे कळल्यावर काकूंनी मोठ्या आशेने किसणी पुढे केली होती. पण तीही हिशेबात धरायची नाहीत असं ठरलं, आणि नारळ परत त्यांच्याकडे आला.

उलट बाजूही आहे. मनगटावरचं यंत्र पाय बघत नाही, हाताचा झोका बघतं. हात स्थिर राहिला तर माणूस चालत असला तरी बरीच पावलं बुडतात. हे खरंच आहे. मात्र ह्या शास्त्रीय सत्यावरून काकांनी काढलेला निष्कर्ष असा, की बाजारातून येताना भाजीची पिशवी त्यांनी धरायची नाही. मॉलमधली ट्रॉली नाही, जिन्याचा कठडा नाही, आजारी पाहुण्याची बॅग तर नाहीच. ‘पट्टा डाव्या हातात आहे, पिशवी उजव्या हातात घ्या,’ हा काकूंचा मुद्दा गेली काही वर्षं विचाराधीन आहे.

शनिवारी मारुतीला जातात. एक प्रदक्षिणा बावीस पावलांची, म्हणजे १०८ प्रदक्षिणांची २,३७६. पुजाऱ्याला आधी वाटलं, घरावर काही मोठं संकट आलं असणार. त्याने दक्षिणा न घेता अंगारा दिला. काकांनी तो कपाळाला लावला आणि त्याची शुगर विचारली.

कारण ‘किती?’ हा त्यांचा नमस्कार आहे. ‘कसे आहात’ म्हणत नाहीत. गेटवर गाठ पडली की ‘किती?’, आणि समोरच्याने आपापल्या कुवतीप्रमाणे शुगर, बीपी किंवा वजन ह्यांपैकी एक आकडा द्यायचा. दुःखाच्या घरीसुद्धा. शेजारच्या विंगमधले एक वृद्ध गेले तेव्हा काका भेटायला गेले आणि दारात चपला काढून जागच्या जागी पाय उचलत उभे राहिले. ‘वय?’ ‘एकोणऐंशी.’ ‘शुगर होती?’ ‘होती.’ ‘तीन महिन्यांची किती?’ काकू पदर ओढत होत्या, पण तोवर व्याख्यान सुरू झालं होतं. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. तिला चिकटलेली साखर मोजली की मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी कळते. आदल्या रात्री उपास करून ह्या तपासणीला फसवता येत नाही. साडेसहा आणि वर म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. खोलीत कोणी काही बोलेना. मग गेलेल्यांचा मुलगा, चाळिशीतला, खाली बघत म्हणाला, ‘माझी ६.१ आलीय.’ काकांनी पाय उचलणं थांबवलं. ‘तेरावा झाला की सकाळी सहाला गेटवर.’ तो आला. अजून येतो.

दहा हजार हा आकडा कुठून आला, हे त्यांना एका डॉक्टर भाचीने सांगून पाहिलं. टोकियोला १९६४ साली ऑलिंपिक झालं, जपानमध्ये व्यायामाची हवा तयार झाली, आणि १९६५ साली तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा आधी यंत्राच्या खोक्यावर आला. त्यामागे वैद्यकीय अभ्यास वगैरे नव्हता. भाचीला वाटलं, आता मामा जरा सैल पडतील. काका प्रसन्न झाले. ‘म्हणजे जपानी माल आहे! तरीच.’

भाची हट्टी होती. तिने हार्वर्डच्या आय-मिन ली ह्यांचा २०१९ सालचा अभ्यास काढला. सरासरी ७२ वर्षांच्या हजारो अमेरिकन बायकांवर केलेला. दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसेना. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बायकांवर केलाय ना?’

बायकांचा विषय निघालाच आहे, तर दिवाळी सांगितली पाहिजे. चकल्यांच्या दिवशी काका दाढदुखीने आडवे होते आणि पट्टा रिकामा पडला होता. नातवाने तो आजीच्या मनगटाला बांधला. काकू घराबाहेर पडल्या नाहीत. ओटा, फ्रिज, गॅलरी, दार, पुन्हा ओटा. संध्याकाळी पट्ट्यावर १३,८०० दिसले. काका दाढ धरून उठून बसले. सोऱ्याचे हातवारे त्यांनी वजा केले, पीठ मळणं वजा केलं, तरी अकरा हजारांच्या खाली काही येईना. मग वीज मंडळातल्या आवाजात निकाल दिला: ‘मीटर फास्ट आहे.’ दुसऱ्या दिवशी गॅलरीत तोंडाने मोजत शंभर पावलं टाकून त्यांनी पट्टा तपासला. पट्ट्याने ९९ दाखवली. मत बदललं नाही.

खाण्यात मात्र काका इतके एकनिष्ठ नाहीत. २०१८ साल अनेक मराठी घरांना आठवत असेल. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, की दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, की दर दोन तासांनी थोडं थोडं खा. जावा-जावांत, व्याह्या-व्याह्यांत ह्यावरून अबोला धरला गेला. काकांनी कोणालाच नाराज केलं नाही. काही दिवस दोन्ही एकदम चालू होतं. नंतर ५५ मिनिटं जिंकली, कारण त्यात मोजायला जास्त होतं. ताटाशेजारी मोबाइलचं घड्याळ उलटं चालायचं आणि चोपन्नाव्या मिनिटाला बेसनाचा अख्खा लाडू आत जायचा.

दुधीच्या रसाचा काळ ह्याच्याही आधीचा. तो वाईट होता, कारण काका रस एकटे पीत नव्हते; भागशाळा मैदानावर थर्मास घेऊन जायचे. एका सकाळी काकूंनी कापलेल्या दुधीचा कपटा जिभेवर ठेवला, थुंकला आणि सगळा दुधी कचऱ्यात टाकला. काका चिडले. कडू ते औषधी, असा त्यांचा सिद्धांत. पण कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. असा रस पिऊन देशात माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि तिनेही हेच सांगितलं, की चव घ्या, कडू लागला तर पिऊ नका. काकूंना हे त्यांच्या आईने समितीविना शिकवलं होतं. थर्मासमध्ये आता ताक असतं.

इथवर काकांची टिंगल करणं सोपं आहे. पुढे थोडं अवघड जातं. काकांचे वडील बावन्नाव्या वर्षी गेले, थोरला भाऊ छप्पन्नाव्या. दोघंही अचानक, दोघंही छातीत दुखून. हे त्या घराचं खास दुर्दैव मानायचं कारण नाही. ‘इंटरहार्ट’ ह्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या, लोकांना पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी आलेला दिसला. इतर देशांतल्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. काका हे बोलत नाहीत. वडील कशाने गेले असं विचारलं तर ‘त्या वेळी मोजायचे नाहीत’ इतकंच म्हणतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना झटका आला तेव्हा सोसायटीने जे करायचं ते केलं. शहाळी नेली, ‘काळजी घ्या’ म्हटलं आणि घरी आली. दोन स्टेंट घालून मास्तर परतले ते भिंतीकडे तोंड करून पडले. मुलगा न्यू जर्सीत, बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. झटक्यानंतर अनेकांना नैराश्य गाठतं, हे डॉक्टरांना नवीन नाही. सोसायटीला होतं. ‘रिपोर्ट तर चांगले आहेत,’ असं सगळे म्हणत राहिले.

काका गेले, खुर्ची ओढली. ‘किती?’ मास्तरांनी बीपी सांगितलं. वजन सांगितलं. मग काका अडखळले, कारण जे विचारायचं होतं त्याचा आकडा त्यांच्या वहीत नव्हता. शेवटी म्हणाले, ‘मूड किती? दहापैकी सांगा.’ बराच वेळ गेला. भिंतीकडून आवाज आला, ‘दोन.’ काकांनी वहीत पट्टीने नवीन रकाना आखला आणि त्यात २ लिहिले. ‘ठीक. डॉक्टरांना हाही आकडा सांगायचा. आता दारापर्यंत चला. वीस पावलं.’

डॉक्टरांना सांगितलं, औषधात एक गोळी वाढली. दारापासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून गेटपर्यंत, मग मैदानाच्या कोपऱ्यापर्यंत. एरवी माणसांना ओलांडून जाणारे काका मास्तरांच्या बरोबरीने सरकत होते, आणि त्यांचा डावा हात, ज्याने कधी मेथीची जुडी धरली नव्हती, मास्तरांच्या दंडाला होता. अशा संथ चालीची, अडकलेल्या हाताची पावलं पट्टा मोजत नाही. महिनाभर आकडा तीन-चार हजारांच्या पुढे सरकला नाही. खालच्या मुलीने आईला विचारलं, ‘काका आजारी आहेत का? रात्री चालतच नाहीत.’

मास्तरांच्या रकान्यात हळूहळू ४ आले, मग ५, मुलाचा फोन चुकला त्या दिवशी पुन्हा ३, आणि पावसाळा संपता संपता ७. तेवढ्यात न्यू जर्सीहून घड्याळ आलं. पावलं, झोप, हृदयाचे ठोके, ईसीजीसुद्धा. काकांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, मास्तरांना गॅलरीत शंभर पावलं चालवलं आणि सांगितलं, ‘जास्त दाखवतंय. दहा टक्के कापा.’ मास्तर आता पहाटे साडेपाचला काकांना फोन करून ‘किती?’ विचारतात. काकूंचं म्हणणं, बिल्डिंगला एकच पुरेसा होता.

मात्र मास्तर शेवटी मास्तर. एके दिवशी त्यांनी वही मागून घेतली, शेवटचं पान उघडलं आणि काकांच्या नावापुढे तोच रकाना आखला. ‘तुमचा मूड किती?’ काका म्हणाले, ‘सात हजार दोनशे.’ ‘पावलं विचारली नाहीत.’ काकांना त्याच वेळी पंपाचं बटण बंद करायचं आठवलं. रकाना आठवडाभर कोराच राहिला. मास्तर रोज वही तपासायचे आणि वर्गात बघावं तसं बघायचे. नवव्या दिवशी तिथे काकांच्या अक्षरात ६ लिहिलेले दिसले, आणि त्यापुढे बारीक अक्षरात: ‘मीटर फास्ट असावं.’