उसना शेतकरी

कापूस पिकवणाऱ्याचा मुलगा शाळेत 'शेतकऱ्याचे मनोगत' लिहितो. पहिलं वाक्य, मी जगाचा पोशिंदा. दुसरं, ऊन-वारा-पावसाची पर्वा न करता मी राबतो. शेवट, जय जवान जय किसान. घरी त्याचा बाप रात्री उठून पाणी द्यायला जातो, कारण लाईट त्याच वेळी असते. वेचणीची मजुरी किलोमागे किती द्यायची यावरून आईबापांत वाद चाललेला असतो. बोंडअळीचं नाव तर त्या पोराला दुसरीपासून पाठ. यातलं एक अक्षर वहीत उतरत नाही. त्याला सगळं ठाऊक आहे. हे लिहायचं असतं, एवढंच कुणी सांगितलेलं नाही.

राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका 80 गुणांची. त्यात गद्याला 18, पद्याला 16 आणि उपयोजित लेखनाला 24. सर्वांत मोठा वाटा लेखनाचा आहे. पत्र किंवा सारांश, बातमी, जाहिरात, कथा यांपैकी दोन, आणि 8 गुणांसाठी प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांपैकी एक. आराखडा चांगला आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही. वर्गात त्याचं काय होतं, त्याच्याशी आहे. प्रत्येक प्रकाराचा एक साचा फळ्यावर येतो. सुरुवात सुविचाराने करा, शेवट कवितेच्या ओळीने करा, मधे तीन परिच्छेद पाडा. वड बोलतो, फाटकं पुस्तक बोलतं, पडकी शाळा बोलते, आणि सगळ्यांचा आवाज एकच. गाईडचा.

प्रकार शिकवायचे तर विषय एकच ठेवावा आणि प्रकार बदलावा. भाकरी घ्या. चौथीतल्या मुलानेही ती करताना पाहिलेली असते.

आधी कृती लिहायला सांगा. पीठ घ्या, गरम पाण्यात मळा, परातीत थापा, तव्यावर टाका, वरून पाणी फिरवा, पाणी सुकलं की उलटा. इथे वाक्यांचा क्रम हलवता येत नाही. पाणी फिरवण्याआधी कुणी भाकरी उलटवली, तर वर्गातली एखादी मुलगी लगेच हरकत घेईल. तिला घेऊ द्या. लेखन तपासणं ते हेच, आणि लाल पेनाच्या आधी ते वर्गाने करावं.

मग वर्णन. आता 'घ्या', 'थापा' गळून पडतात. चुलीच्या कोणत्या बाजूला बसून पाहतोयस, हे मुलाला ठरवावं लागतं. आजीच्या हातांजवळून सुरुवात केली तर एक परिच्छेद होतो, धुराने काळ्या झालेल्या भिंतीपासून केली तर दुसरा. 'छान', 'सुंदर', 'मनमोहक' या तीन शब्दांना त्या दिवशी सुट्टी द्यावी.

मग प्रसंग. भाकरी करपली तो दिवस. क्रियापदं भूतकाळात जातात, 'तेवढ्यात' आणि 'तोवर' लागतात, आणि कुणीतरी काहीतरी बोलतं. जे बोललं तेच लिहायचं, घरच्या बोलीत. अवतरणचिन्हांत वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी आली म्हणून गुण कापणाऱ्याने आधी मराठी कथा वाचाव्यात.

शेवटी मत. भाकरी मुलांनाही करता यायला हवी की नको? इथे 'कारण' आणि 'म्हणून' यांच्याशिवाय पाऊल पडत नाही. विरुद्ध बाजूचं एक वाक्य घेऊन त्याला उत्तर द्यायचं, ही अट ठेवा. वैचारिक लेखनाच्या नावाखाली आपण मुलांकडून भाषणं लिहून घेतो. पर्यावरण वाचवा, मोबाईल टाळा, मुलगी शिकवा. त्यात कुणाशी मतभेदच नसतो, मग विचार कुठून येणार?

चार परिच्छेद, चार दिवस. मुलाला कळतं की प्रकार म्हणजे साचा नव्हे. वाचणाऱ्याला काय हवं आहे, त्यावर पहिलं वाक्य, क्रियापद आणि जोडशब्द ठरतात. हे एकदा हाताला लागलं की बातमी आणि तक्रारपत्र वेगळं पाठ करावं लागत नाही.

हे काही परग्रहावरचं नाही. लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, ते मुलाचा अनुभव हाच शिकण्याचा पाया मानून. चाळीस वर्षं झाली. शिक्षकांवर वह्यांचा डोंगर असतो हे मला मान्य आहे, आणि निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामं वर. म्हणूनच तीन पानी निबंध मागू नका, सात-आठ वाक्यांचा एक परिच्छेद मागा. रोज दोघांचे परिच्छेद वर्गात मोठ्याने वाचा. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करा, पण समासात एक खरा प्रश्नही लिहा. कुठे बसली होती आजी? मग ती काय म्हणाली?

आणि मंडळाने परीक्षकांना एक सूचना द्यावी. आत्मकथनाच्या 8 गुणांपैकी निदान 3 गुण अशा तपशिलांसाठी राखून ठेवा, जे शेजारच्या बाकावरच्या उत्तरपत्रिकेत नाहीत. गाईडवाले त्याचाही साचा काढतील म्हणता? काढू देत. प्रत्येक मुलासाठी वेगळा काढावा लागेल.