कार्डाचा हयातीचा दाखला

जर्मनीतलं माझं निवासाचं कार्ड सप्टेंबरात संपलं. मुदतवाढीचा अर्ज मी आधीच केला होता, पण नवं कार्ड येईना आणि सांगलीत मावसबहिणीच्या लग्नाची तारीख काही माझ्या कार्डासाठी थांबेना. मग सरकारी कचेरीत जाऊन तेरा युरो भरले आणि एक हिरवट घडीचा कागद मिळवला. नाव फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. जर्मन लोक हे नाव एका श्वासात म्हणतात, मला मध्ये पाणी लागतं. शब्दशः अर्थ, कल्पिताचं प्रमाणपत्र.

आतल्या तिसऱ्या पानावर तीन चौकोन असतात आणि सगळं नशीब फुली कुठे पडली यावर. पहिल्यात पडली तर देशात राहा, पण बाहेर गेलात तर या कागदावर परत येता येत नाही. तिसऱ्यात, म्हणजे कलम ८१, पोटकलम ४ समोर पडली, तर संपलेलं कार्ड चालूच आहे असं समजायचं आणि खुशाल जाऊन यायचं. बीजगणितातल्या ‘समजा क्ष’नंतर एवढा भक्कम ‘समजा’ मी पाहिला नव्हता.

माझी फुली तिसऱ्यात होती. बाईंनी ती मारेपर्यंत मी त्यांच्या पेनाकडे असं बघत होते, जसं बाळंतिणीच्या खोलीबाहेर लोक दाराकडे बघतात.

सांगलीत हा कागद कोणालाच समजला नाही. मामा म्हणाले, “फिक्शन? म्हणजे खोटा?” आईनं तो भाजणीच्या डब्याखाली ठेवायला घेतला. बाबांनी मात्र चष्मा पुसून ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, हा तर तुझ्या कार्डाचा हयातीचा दाखला!” पेन्शनर माणूस, दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं बँकेला पटवून येतो.

मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं कागद उलटा धरला, सुलटा धरला, उजेडात धरला. “मॅडम, व्हिसा?” मी संपलेलं कार्ड दाखवलं. “हे तर एक्सपायर झालंय.” मी म्हटलं, “झालंय, पण झालेलं नाही.” तिनं फोन लावला. “सर, एक फिक्शन आलंय.” मागच्या रांगेतले काका एव्हाना ट्रॉलीवर बसले होते. सर आले. मी तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि बाबांचंच वाक्य टाकलं. सरांनी फुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कोणाला तरी फोटो पाठवला. पंचवीस मिनिटांनी बोर्डिंग पास मिळाला. भाजणीचं वजन दीड किलो जास्त होतं, ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

फ्रँकफर्टला खिडकीतल्या पोलिसानं पान उघडलं, फुली बघितली आणि पासपोर्ट परत सरकवला. मी तयार केलेलं जर्मन भाषण तसंच राहिलं.

नवं कार्ड दीड महिन्यानं आलं. तोवर नोव्हेंबर लागला होता आणि बाबा बँकेच्या रांगेत उभे होते. त्यांना ‘समजा’ चालत नाही.