बांध घालायला स्वित्झर्लंडला

शेंगेन व्हिसासाठी बाकीच्या कागदांबरोबर, तुम्ही नक्की परत याल याचाही पुरावा द्यावा लागतो. नोकरी, घर, बायको, काहीही चालतं. मी सातबारा जोडला. ‘इतर अधिकार’ या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा आहे. एवढं कर्ज अंगावर असलेला माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे? व्हिसा झाला.

जायचं होतं जुरा डोंगरात, श्रमदानाच्या आंतरराष्ट्रीय शिबिराला. प्रवासखर्च आपला, काम त्यांचं, बदल्यात राहणं-जेवण फुकट. काम काय, तर गायरानातले ढासळलेले दगडी बांध पुन्हा रचायचे. हे ऐकून तात्यांनी, म्हणजे आमच्या चुलत्यांनी, तंबाखू मळायची थांबवली.

“इथं कांदा काढायला मजूर मिळंना, आन् तू पदरचं पैसं घालून लोकाचा बांध घालाया निघाला व्हय?”

तात्यांचा मुद्दा बिनतोड होता. आमच्या शिरूर तालुक्यात बांध कोणी घालत नाही, कोरतात. दरवर्षी नांगराचं एक तास पलीकडे सरकवायचं. मग भांडण, मग मोजणी, मग वकील. जिवंतपणी बांधावरून एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ शेवटी एकाच घाटावर, घोडनदीच्या काठी, शेजारी-शेजारी जळतात.

मी त्यांना अशा शिबिरांचा इतिहास सांगून पाहिला. पहिलं महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. 1920 साली पिएर सेरेसोल नावाच्या स्विस इंजिनिअरनं फ्रान्समध्ये व्हर्दूंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात स्वयंसेवक नेले. त्यांत जर्मनही होते! ज्यांच्या तोफांनी गाव पाडलं, त्यांचीच पोरं घरं उभारायला हजर. गावकऱ्यांना ते काही पचलं नाही आणि काही महिन्यांत शिबिर गुंडाळावं लागलं. पण त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था निघाली. 1934 च्या भूकंपानंतर हाच सेरेसोल बिहारात येऊन घरं बांधत होता. पुढे पन्नासच्या दशकात याच संस्थेची तरुण मंडळी बाबा आमट्यांच्या आनंदवनात राबून गेली. शेवटी वजन पडावं म्हणून सांगितलं, की सेरेसोलचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते.

“मंग त्याला परवडतंय,” तात्या म्हणाले. “तुझा बाप सोसायटीचा थकबाकीदार हाय.”

निघालो. प्रवासाचं वर्णन करण्यासारखा टप्पा एकच, शिक्रापूर ते वाघोली. तिथे ट्रकामागे जेवढा वेळ गेला, तेवढ्यात पुढे मी अख्खा स्वित्झर्लंड आडवा पार केला.

शिबिरात पहिल्या संध्याकाळी सुरक्षेवर व्याख्यान झालं. विषय: गोचीड. गवतात ती असते, चावली तर आजार होतात, रोज अंग तपासा, पायजम्याचे पाय मोज्यात खोचा. कोरियन मुलगा वहीत टिपून घेत होता, इटलीची मुलगी पांढरीफटक पडली होती. मग प्रत्येकाला आपापल्या गावचे धोके विचारले. मी म्हटलं, आमच्याकडे उसात बिबट्या असतो. मग तुम्ही काय करता? रात्री मोटर चालू करायला जाताना मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतो. त्या रात्री माझ्या शेजारची खाट रिकामी राहिली. आमच्याकडे गोचीड म्हशीला होते आणि म्हैस त्यावर व्याख्यान देत नाही.

काम मात्र नामी. ना सिमेंट, ना चिखल, नुसता दगड. हिवाळ्यात फटींतलं पाणी गोठून फुगतं आणि बांधाचं पोट सुटतं. तेवढा भाग पार पायापर्यंत उतरवायचा आणि परत चढवायचा. दोनावर एक, एकावर दोन, सांध्यावर सांधा येता कामा नये, पोकळीत बारीक चिपा. उचललेला दगड परत टाकायचा नाही, त्याला जागा शोधायची. या कलेची 2018 साली युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. बांध कोरण्याच्या कलेचीही कधीतरी होईल, तेव्हा अर्ज आमच्या तालुक्यातूनच जाईल.

गायरानाच्या मालकाला मी दुभाष्यामार्फत विचारलं, पलीकडचा शेजारी बांध सरकवत नाही का? दुभाष्या दोनदा थांबला. मालक बराच वेळ बांधाकडे पाहत राहिला. त्याच्या डोक्यात नवाच विचार घातल्यासारखं मला वाटलं.

स्वयंपाकाची पाळी आली तेव्हा पिठलं केलं. व्हिडिओ कॉलवरून आजी हुकूम सोडत होती. शिबिरभर नजर फिरवून म्हणाली, “कुणाची रं ही लेकरं? यांचेबी बांध मोडल्यात का?” कोरियन मुलानं मिरचीचा ठेचा पावाला लावून तिसऱ्यांदा मागितला आणि आजीच्या लेखी घरचा झाला.

कॉलेजात मी एनएसएसचं शिबिर केलं होतं. तिथे खड्डा गुडघाभर आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण डोक्याएवढं. म्हणून शेवटच्या दिवशी सवयीनं मी शर्ट इस्त्री करून तयार होतो. पाहुणे कोणी आले नाहीत. मालकानं गायी सोडल्या. त्यातली एक सरळ आमच्या नव्या बांधापाशी आली, कूस लावून पुढे-मागे अंग घासू लागली. आठ देशांच्या पोरांनी श्वास रोखून धरला. एक चीपही हलली नाही. टाळ्या पडल्या. गायीनं शेपटी उचलली, बांधाच्या पायाशी पो टाकला आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेली.